होमी भाभा आणि सूर्यातून दोन सेकंदांत निसटणारा कण

तुम्ही हे वाचताय त्या फोनच्या स्क्रीनमधून दर सेकंदाला साधारण साडेसहा लाख कोटी न्यूट्रिनो आरपार जाताहेत. फोन गरम होत नाही, बॅटरी उतरत नाही, टच चुकत नाही. रात्री वाचत असाल तरी आकडा जवळपास तोच, कारण सूर्य पायाखाली असताना हे कण अख्खी पृथ्वी ओलांडून खालून वर येतात. सूर्याच्या गाभ्यात ते तयार होतात आणि सूर्याचं सात लाख किलोमीटरचं पोट पार करून दोन-सव्वादोन सेकंदांत बाहेर पडतात. त्याच गाभ्यात तयार झालेल्या प्रकाशाची ऊर्जा पृष्ठभागावर यायला हजारो ते लाखभर वर्षं घेते.

हा कण सूर्याच्या पोटातून नेमका कसा जातो, वाटेत त्याचं काय होतं, हे आज समजून घेऊया. पण त्यासाठी मी एका माणसाची गोष्ट सांगणार आहे, होमी भाभांची. भाभा म्हटलं की आपल्याला अणुबॉम्ब, बीएआरसी आणि यूट्यूबवरचे विमान अपघाताचे व्हिडिओ आठवतात. न्यूट्रिनो क्वचितच आठवतो. माझ्या मते त्यांच्या आयुष्याकडे बघायचा तो सगळ्यात चांगला धागा आहे.

मी ठाण्यात टेंभी नाक्याजवळ राहतो. नाका म्हटलं की लोकांना नवरात्रीतली देवी आणि आनंद आश्रम आठवतो, पण तिथेच पारशी लोकांची जुनी अग्यारीही आहे. ठाण्या-मुंबईत पारशी वस्ती पिढ्यान्‌पिढ्या आहे. भाभा त्याच समाजातले, मुंबईत वाढलेले. म्हणजे ही गोष्ट आपल्या लोकलच्या टप्प्यातलीच आहे.

घरच्यांसाठी इंजिनीअरिंग

होमी जहांगीर भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत झाला. वडील जहांगीर बॅरिस्टर, आई मेहेरबाई. आत्याचं लग्न दोराबजी टाटांशी झालेलं. म्हणजे घरात पैसा होता, पुस्तकं होती, पाश्चात्त्य संगीताच्या रेकॉर्ड होत्या आणि मुलाचं करिअर आधीच ठरलेलं होतं. होमीने केंब्रिजला जाऊन मेकॅनिकल इंजिनीअरिंग करायचं, परत यायचं आणि जमशेदपूरच्या टाटांच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हायचं.

कॅथेड्रल स्कूल, मग एल्फिन्स्टन कॉलेज आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स असं मुंबईतलं शिक्षण आटपून होमी १९२७ मध्ये केंब्रिजच्या गॉनव्हिल अँड कीज कॉलेजात गेले. तिथे पॉल डिरॅक होते. इलेक्ट्रॉनचं नवं समीकरण १९२८ मध्ये त्यांनीच मांडलं. फिजिक्स त्या दोन-तीन वर्षांत मुळापासून बदलत होतं, आणि भाभा मशीन डिझाइनचा अभ्यास करत होते.

त्यांनी वडिलांना पत्र लिहून स्पष्ट कळवलं की आपला जीव फिजिक्समध्ये आहे, नोकरीतला मोठा हुद्दा आपल्याला नको. वडील चिडले नाहीत, त्यांनी सौदा केला. आधी इंजिनीअरिंग फर्स्ट क्लासमध्ये पूर्ण कर, मग गणित शिकायला आणखी दोन वर्षांचा खर्च मी देतो. भाभांनी १९३० मध्ये फर्स्ट क्लास काढला आणि १९३२ मध्ये गणिताच्या परीक्षेतही फर्स्ट क्लास मिळवला.

मी इंजिनीअरिंग केलेला माणूस आहे. घरच्यांसाठी एक डिग्री आणि स्वतःसाठी दुसरं काहीतरी, हा हिशोब माझ्या वर्गात निम्म्या मुलांच्या डोक्यात असायचा. भाभांना बापाच्या पैशाची साथ होती हे विसरू नका, आपल्यातल्या बहुतेकांना ती नसते. पण इंजिनीअरिंग त्यांनी वेळकाढूपणाने केलं नाही हेही खरं. पुढे रिअ‍ॅक्टर आणि इमारती उभारताना तीच डिग्री कामाला आली.

एक कण, जो कुणी पाहिला नव्हता

भाभा इंजिनीअरिंगच्या शेवटच्या परीक्षेतून सुटले त्याच वर्षी, म्हणजे डिसेंबर १९३० मध्ये, झुरिकच्या वुल्फगांग पाउलींनी एक धाडसी कल्पना मांडली. काही किरणोत्सारी अणूंमधून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो तेव्हा ऊर्जेचा हिशोब जुळत नव्हता, थोडी ऊर्जा गायब व्हायची. पाउली म्हणाले की ती एखादा विद्युतभार नसलेला, जवळजवळ वजन नसलेला कण घेऊन जात असावा. रोमच्या एन्रिको फर्मींनी त्याला न्यूट्रिनो हे नाव रूढ केलं आणि १९३३-३४ मध्ये त्याचा पक्का सिद्धांत दिला.

याच काळात केंब्रिजची स्कॉलरशिप घेऊन भाभा युरोपभर फिरत होते. झुरिकला पाउलींकडे, रोमला फर्मींकडे, कोपनहेगनला नील्स बोरांकडे. म्हणजे न्यूट्रिनो ज्यांच्या डोक्यातून निघाला, त्यांच्याच टेबलावर बसून हा विशीतला मुंबईकर फिजिक्स शिकला.

पण न्यूट्रिनो पकडायचा कसा? साध्या पदार्थाशी तो इतक्या क्वचित संबंध ठेवतो की त्याला अडवायला प्रकाशवर्षाच्या मापाची शिशाची भिंत लागेल. टेंभी नाक्यावर नवरात्रीतल्या गर्दीची कल्पना करा. नाक्यावरचा ओळखीचा माणूस मंडपापर्यंत पोचायला तासभर लावतो, कारण प्रत्येक पावलावर कुणीतरी हाक मारतं. सूर्याच्या गाभ्यातला प्रकाश असा असतो, पाण्याच्या दीडशेपट दाट अशा त्या गर्दीत तो सतत धडकत राहतो. न्यूट्रिनो म्हणजे कुणाच्याच ओळखीचा नसलेला माणूस. तो सरळ चालत निघून जातो.

मात्र न्यूट्रिनोचा एक प्रकार असा आहे की त्याची या गर्दीत थोडीशी ओळख निघते. ती कशी, हे कळायला आधी भाभांचं सगळ्यात प्रसिद्ध गणित बघावं लागेल.

दोन वाटांचा हिशोब

इलेक्ट्रॉनचा जुळा पण उलट भाराचा कण म्हणजे पॉझिट्रॉन. तो १९३२ मध्ये सापडला. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आले तर काय होईल, हा प्रश्न भाभांनी घेतला.

एक शक्यता सरळ आहे. दोघं एकमेकांना ओढतात, दिशा बदलतात आणि आपापल्या वाटेने जातात. दुसरी शक्यता चमत्कारिक आहे. दोघं एकमेकांना पूर्ण नष्ट करतात, क्षणभर फक्त प्रकाशाची ऊर्जा उरते आणि त्यातून पुन्हा एक इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोडी जन्मते. बाहेरून बघणाऱ्याला दोन्हीत शेवट सारखाच दिसतो, एक इलेक्ट्रॉन आणि एक पॉझिट्रॉन. कोणत्या वाटेने घडलं हे सांगता येत नाही.

क्वांटम फिजिक्सचा नियम असा की शेवट सारखा असेल आणि वाट ओळखता येत नसेल, तर दोन्ही वाटा एकत्र मोजायच्या. त्या लाटांसारख्या एकमेकींत मिसळतात, कधी जोर वाढवतात तर कधी कमी करतात. दुसरी वाट दुर्लक्ष करण्याएवढी छोटी नाही, हे भाभांनी गणिताने दाखवलं. त्यांचा हा निबंध १९३६ मध्ये प्रसिद्ध झाला. आज या क्रियेला भाभा स्कॅटरिंग म्हणतात आणि इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या टकरी घडवणाऱ्या यंत्रांमध्ये किती टकरी होताहेत हे मोजायला तिचाच मापदंड वापरतात.

ही ‘जादा वाट’ लक्षात ठेवा. आपण तिच्याकडे परत येणार आहोत.

१९३७ मध्ये वॉल्टर हाइटलरसोबत भाभांनी आणखी एक मोठं काम केलं. अवकाशातून येणारा एक वेगवान कण वातावरणात शिरल्यावर त्यातून हजारो कणांचा पाऊस कसा पडतो, याचं गणित त्यांनी मांडलं. अवकाशातून येणाऱ्या या कणांना कॉस्मिक किरण म्हणतात, आणि पुढे कोलारच्या खाणीत त्यांचाच संबंध येतो.

सुट्टी संपलीच नाही

१९३९ मध्ये भाभा सुट्टीसाठी भारतात आले होते. सप्टेंबरमध्ये दुसरं महायुद्ध पेटलं आणि परतीचा रस्ता बंद झाला. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये तेव्हा सी. व्ही. रामन होते. तिथे भाभांनी कॉस्मिक किरणांवर काम करणारं छोटं केंद्र सुरू केलं. १९४१ मध्ये, वयाच्या ३१ व्या वर्षी, ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

युद्ध संपलं की परत जाणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं, बहुधा त्यांनीसुद्धा. पण मधल्या चार-पाच वर्षांत त्यांचं मत बदललं. मार्च १९४४ मध्ये त्यांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहिलं की मूलभूत फिजिक्सची एक उत्तम संस्था इथेच उभी करायला हवी, म्हणजे पुढे अणुऊर्जा वापरायची वेळ येईल तेव्हा देशाला तज्ज्ञांसाठी बाहेर तोंड बघावं लागणार नाही. लक्षात घ्या, हिरोशिमा अजून दीड वर्ष लांब होतं.

जून १९४५ मध्ये टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च, म्हणजे टीआयएफआर, बंगळूरला सुरू झाली आणि त्याच वर्षी मुंबईत पेडर रोडवरच्या केनिलवर्थ बंगल्यात आली. मग गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत, आणि शेवटी कुलाब्याच्या टोकाला समुद्राकाठी. त्या इमारतीचं उद्घाटन नेहरूंनी जानेवारी १९६२ मध्ये केलं.

माझे निम्मे मित्र एमएस करायला बाहेर आहेत. परत येणं म्हणजे त्याग आणि तिथे राहणं म्हणजे स्वार्थ, असं मी मानत नाही. भाभांच्या बाबतीतही त्यागाचे ढोल वाजवायची गरज नाही, ते ऐषारामात राहिले. मुद्दा वेगळा आहे. बाहेर त्यांना तयार लॅब मिळाली असती. इथे आधी लॅब बांधावी लागणार होती, आणि बांधणाऱ्याला स्वतःचं फिजिक्स करायला वेळ उरणार नव्हता.

फिजिसिस्टचा मॅनेजर होतो तेव्हा

आणि तसंच झालं. १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग स्थापन झाला, भाभा अध्यक्ष. १९५४ मध्ये अणुऊर्जा विभाग, भाभा सचिव. ट्रॉम्बेला, म्हणजे आपल्याच ठाणे खाडीच्या काठावर, अणुऊर्जा केंद्र उभं राहायला लागलं. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तिथे अप्सरा हा रिअ‍ॅक्टर सुरू झाला.

इथे एक गंमत आहे. पाउलींचा कण अखेर प्रत्यक्ष सापडल्याची बातमी त्याच वर्षी, अप्सरा सुरू व्हायच्या जेमतेम दोन आठवडे आधी छापून आली. अमेरिकेत फ्रेडरिक राइन्स आणि क्लाइड कावन यांनी तो एका रिअ‍ॅक्टरशेजारी पकडला. म्हणजे कल्पना ते पुरावा, पंचवीस वर्षांहून जास्त काळ गेला.

टीआयएफआरमध्ये या काळात काय काय चाललं होतं, हे बघून माझ्यातला सॉफ्टवेअरवाला हरखून जातो. संपूर्ण भारतीय बनावटीचा पहिला मोठा डिजिटल कॉम्प्युटर टिफरॅक तिथेच बनला. २७०० व्हॅक्यूम ट्यूब आणि मेमरी २०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. म्हणजे सगळी मिळून १० केबी! तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवरचा एक ‘शुभ सकाळ’ फोटो त्यात मावला नसता.

पण पन्नासच्या दशकात भाभांचे स्वतःचे शोधनिबंध जवळपास थांबले. आमच्या क्षेत्रात उत्तम कोड लिहिणारा माणूस मॅनेजर झाला की त्याचं कोड लिहिणं सुटतं. चांगला मॅनेजर तो, ज्याच्यामुळे दहा जण चांगला कोड लिहितात. वाईट मॅनेजर अकराव्याचा आवाज बंद करतो. भाभा बहुतेकदा पहिल्या प्रकारचे होते, पण नेहमी नाही. गणितज्ञ आणि इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी टीआयएफआरमध्ये सुमारे सोळा वर्षं होते. अणुऊर्जेवरच्या खर्चाला त्यांचा जाहीर विरोध होता. भारतासारख्या देशाने सूर्यप्रकाशापासून वीज मिळवण्यावर भर द्यावा, असं ते सांगत. दोघांचं बिनसलं, आणि १९६२ मध्ये कोसंबींचा करार पुढे वाढवला गेला नाही. आज गच्चीवरची सोलर पॅनेलं बघताना कोसंबींची आठवण काढायला हवी.

कोलारच्या पोटात

आता खाणीत उतरूया. कॉस्मिक किरणांच्या पावसातले म्युऑन नावाचे कण जमिनीत खोल शिरतात. किती खोल? हे मोजायचं तर खोल खड्डा हवा, आणि भारतात तेव्हा जगातल्या सगळ्यात खोल खाणींपैकी एक होती, कर्नाटकातली कोलार गोल्ड फील्ड्स. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला भाभांनी टीआयएफआरमधले तरुण संशोधक बी. व्ही. श्रीकांतन यांना तिथे पाठवलं. सोन्याच्या खाणीत, तापलेल्या खडकात, मुंबईहून नेलेली उपकरणं घेऊन ही मुलं काम करायला लागली.

खोल जाल तसे म्युऑन कमी होत जातात. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला उपकरणं २७६० मीटर खोल नेली, तेव्हा दोन महिन्यांत एकही म्युऑन नोंदला गेला नाही. दोन महिने मोजत बसायचं आणि हातात शून्य! कुठल्याही ऑफिसात अशा प्रोजेक्टचं बजेट कापलं गेलं असतं.

पण इथे ते शून्यच मोलाचं होतं. न्यूट्रिनो पकडण्यातली मुख्य अडचण म्हणजे इतर कणांचा गोंगाट. कोलारमध्ये इतकी शांतता आहे याचा अर्थ, तिथे काही वाजलंच तर ते न्यूट्रिनोमुळे असण्याची शक्यता मोठी. भाभांच्या संस्थेने एम. जी. के. मेनन, श्रीकांतन आणि सहकाऱ्यांना जपानचं ओसाका आणि इंग्लंडचं डरहम या विद्यापीठांच्या जोडीने तिथे न्यूट्रिनोचा प्रयोग उभारू दिला. सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर डिटेक्टर बसवले. त्यांचं मुख्य लक्ष आडव्या येणाऱ्या कणांवर होतं. वरून येणारा कण साधा म्युऑन असू शकतो, पण आडवा आलेला म्युऑन इतका खडक पार करून येऊच शकत नाही. तो तिथेच, जवळच्या खडकात, न्यूट्रिनोने तयार केलेला असणार.

ऑगस्ट १९६५ मध्ये कोलारच्या गटाने आपला निष्कर्ष छापला. वातावरणात कॉस्मिक किरणांमुळे तयार होणारे न्यूट्रिनो सापडले होते. त्याच महिन्यात दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीत बसलेल्या राइन्सच्या गटानेही तोच शोध जाहीर केला. निसर्गात तयार झालेला न्यूट्रिनो माणसाने पहिल्यांदा पकडला तो या दोन सोन्याच्या खाणींत.

२४ जानेवारी १९६६

त्यानंतर पाच महिन्यांनी भाभा व्हिएन्नाला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीला निघाले. एअर इंडियाचं बोइंग ७०७ विमान, नाव कांचनजंगा. जिनिव्हाला उतरायच्या आधी ते आल्प्सच्या मोंट ब्लांक शिखराजवळ कोसळलं. विमानातले सगळे ११७ जण गेले. भाभा ५६ वर्षांचे होते.

यावर कटाच्या कथा भरपूर फिरतात. फ्रेंच तपासाचा निष्कर्ष असा होता की विमानातलं एक दिशादर्शक उपकरण बंद होतं, आणि आपण शिखर ओलांडलंय की नाही याबद्दल वैमानिक आणि रडार कंट्रोलर यांच्यात गैरसमज झाला. कटाचा ठोस पुरावा आजवर पुढे आलेला नाही. व्हिडिओ फॉरवर्ड करण्याआधी एवढं लक्षात ठेवा.

सूर्याच्या पोटात काय होतं

भाभा गेल्यानंतर दोनच वर्षांनी न्यूट्रिनोची खरी भानगड सुरू झाली. अमेरिकेत रे डेव्हिस यांनी होमस्टेक नावाच्या आणखी एका सोन्याच्या खाणीत, दीड किलोमीटर खाली, ड्राय-क्लीनिंगमध्ये वापरतात त्या द्रवाची प्रचंड टाकी बसवली. १९६८ पासून निकाल येऊ लागले. सूर्याकडून जितके न्यूट्रिनो यायला हवेत, त्याच्या जेमतेम एक तृतीयांश सापडत होते. म्हणजे सूर्याबद्दलचं आपलं गणित चुकलंय, नाहीतर वाटेत न्यूट्रिनोचं काहीतरी होतंय.

न्यूट्रिनोचे तीन प्रकार आहेत, इलेक्ट्रॉन, म्युऑन आणि टाऊ. सूर्यात फक्त इलेक्ट्रॉन प्रकार तयार होतो, आणि डेव्हिसची टाकी फक्त तोच पकडत होती. ब्रुनो पाँटेकॉर्व्हो यांनी सुचवलं होतं की न्यूट्रिनो चालता चालता प्रकार बदलत असावा. ढोल-ताशा पथकाचा विचार करा. प्रत्येक न्यूट्रिनो म्हणजे किंचित वेगळ्या ठेक्यात वाजणाऱ्या ढोलांचं मिश्रण. सुरुवातीला सगळे जुळलेले असतात तेव्हा ऐकू येतं ‘इलेक्ट्रॉन’. थोडं पुढे गेल्यावर ठेके एकमेकांपासून सरकतात आणि तेच पथक ‘म्युऑन’सारखं वाजू लागतं.

१९७८ मध्ये लिंकन वुल्फेनस्टाइन यांनी यात पदार्थ आणला, आणि इथे आपली ‘जादा वाट’ परत येते. न्यूट्रिनो सूर्यातल्या इलेक्ट्रॉनजवळून जातो तेव्हा एक वाट तिन्ही प्रकारांना सारखी आहे, फक्त हलका स्पर्श करून पुढे जायचं. पण इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनोला दुसरीही वाट आहे. तो इलेक्ट्रॉनशी अदलाबदल करू शकतो, म्हणजे न्यूट्रिनोचा इलेक्ट्रॉन होतो आणि इलेक्ट्रॉनचा न्यूट्रिनो. शेवट सारखाच, एक इलेक्ट्रॉन आणि एक न्यूट्रिनो. वाट ओळखता येत नाही, म्हणून दोन्ही मोजायच्या. म्युऑन आणि टाऊ प्रकारांना ही सोय नाही, कारण सूर्यात म्युऑन आणि टाऊ कणांची गर्दीच नाही. वुल्फेनस्टाइननी भाभांच्या निबंधावरून हे काढलं असं मी म्हणत नाही, पण हिशोबाची जात तीच आहे.

या जादा वाटेमुळे न्यूट्रिनो अडत नाही, वळत नाही, त्याची ऊर्जाही जात नाही. फक्त इलेक्ट्रॉन प्रकाराचा ठेका किंचित बदलतो, आणि गर्दी जितकी दाट तितका जास्त. १९८५ मध्ये सोव्हिएत रशियाच्या मिखेयेव आणि स्मिर्नोव यांनी याचा सूर्यातला परिणाम उलगडला.

तो असा समजून घ्या. गाभ्यातून एक गाडी दोन नंबरच्या रुळावरून सुटते. गाभ्यात त्या रुळाची पाटी ‘इलेक्ट्रॉन’ आहे. गाडी बाहेर जात असताना सूर्य हळूहळू विरळ होतो, तशी रुळाकडेची पाटीही हळूहळू बदलत जाते. घनता अचानक बदलली असती, तर गाडी सांध्यावर रूळ बदलू शकली असती. सूर्यात बदल सावकाश होतो, म्हणून गाडी रूळ सोडत नाही. ती पृष्ठभागावर पोचते तेव्हा दोन नंबरच्या पाटीवर लिहिलेलं असतं, साधारण एक तृतीयांश इलेक्ट्रॉन, बाकी म्युऑन आणि टाऊ. हेच डेव्हिसच्या टाकीतलं एक तृतीयांश! कमी ऊर्जेच्या न्यूट्रिनोंवर हा परिणाम फारसा होत नाही, त्यामुळे त्यांच्यातले निम्म्याहून थोडे जास्त इलेक्ट्रॉन प्रकारातच पोचतात. प्रयोगांतही तसंच दिसलं.

पक्का पुरावा कॅनडातल्या सडबरीच्या खाणीत, दोन किलोमीटर खाली मिळाला. तिथल्या टाकीत हजार टन जड पाणी होतं, कॅनडाच्या अणुऊर्जा कार्यक्रमाकडून उसनं घेतलेलं. २००१-०२ मध्ये त्यांनी इलेक्ट्रॉन प्रकार वेगळा आणि सगळे प्रकार मिळून वेगळे मोजले. एकूण संख्या सूर्याच्या गणिताशी जुळली. सूर्य बरोबर होता, न्यूट्रिनो वेष बदलत होता. त्याआधी १९९८ मध्ये जपानच्या सुपर-कामिओकांडेने वातावरणातल्या न्यूट्रिनोंमध्ये हा बदल दाखवला होता, म्हणजे कोलारला सापडलेल्या त्याच जातीच्या न्यूट्रिनोंमध्ये. या दोन कामांना २०१५ चं नोबेल मिळालं.

खाण बंद, प्रश्न चालू

कोलारमधले प्रयोग १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला थांबले आणि २००१ मध्ये खाणच बंद झाली. सोनं काढणं परवडत नव्हतं. खाण बंद झाली की पाणी भरतं, आणि त्यासोबत जगातली एक अत्यंत शांत प्रयोगशाळाही गेली.

तिची जागा घ्यायला तमिळनाडूत थेनी जिल्ह्यात, डोंगराखाली, भारतीय न्यूट्रिनो वेधशाळा उभारायचं ठरलं. ५० हजार टन चुंबकीय लोखंडाचा डिटेक्टर, आणि उद्देश असा की न्यूट्रिनो पृथ्वीच्या पोटातून येताना तीच जादा वाट त्यांच्यावर काय परिणाम करते हे मोजायचं. त्यावरून तीन न्यूट्रिनोंमध्ये जड कोण आणि हलका कोण हा क्रम कळू शकतो. केंद्र सरकारने २०१५ मध्ये मंजुरी दिली. पण स्थानिक लोक, पर्यावरणवादी आणि राज्य सरकार यांचा विरोध झाला, प्रकरण कोर्टात गेलं आणि काम रखडलं. दरम्यान चीनचा जुनो डिटेक्टर २०२५ मध्ये मोजायलाही लागला.

विरोध करणाऱ्यांना अडाणी म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. पश्चिम घाटाची, पाण्याची काळजी खरी आहे. कोसंबींचा प्रश्न, हा पैसा नेमका कशासाठी, हाही योग्य होता आणि आहे. पण विज्ञान करणाऱ्यांनी लोकांना आधी नीट समजावून सांगायला हवं, ही जबाबदारी भाभांच्या काळात कुणाला फारशी भासली नाही. तेव्हा पंतप्रधानांना पटलं की पुरत असे. आता पुरत नाही, आणि ते बरंच आहे.

भाभांच्या हातून न्यूट्रिनोचं एकही समीकरण घडलं नाही. सूर्यातल्या न्यूट्रिनोंचं कोडं सुरू व्हायच्या आधीच ते गेले. त्यांनी केलं ते एवढंच, की दोन महिने शून्य मोजणाऱ्या मुलांना परत बोलावलं नाही. आपल्याकडे सध्या कोण असं शून्य मोजत बसलंय, आणि त्याचं बजेट कोण सांभाळतंय, हे शोधायला तुमच्या हातातला फोन पुरेसा आहे.